खाण्यास योग्य

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता माझा भाऊ गेला. मी वागळे इस्टेटमध्ये कामावर होते. भावजयीचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, या." मी हातातली पट्टी टेबलावर ठेवली, कोट काढला, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि रिक्षा केली. अकरा वाजता बाळकुमला भावाच्या घरी पोचले. बाबांना कल्याणहून आणायला भावजयीचा भाऊ गेला होता. बाबा दीड वाजता आले.

त्याआधीच्या नऊ वर्षांबद्दल मला लिहायचं आहे. त्या वर्षांच्या सुरुवातीला मी एका डब्यावरचा मजकूर घरच्यांना वाचून दाखवला होता आणि त्यातला एक शब्द वगळला होता.

मी रसायनशास्त्र शिकले आणि एकोणतीस वर्षं एका लहान कारखान्यात नोकरी करते आहे. तिथे चवी तयार होतात. बिस्किटातला वेलदोडा, सरबतातला वाळा, लहान मुलांच्या औषधातली स्ट्रॉबेरी, असं पुष्कळ काही आमच्यासारख्या ठिकाणी काचेच्या भांड्यात जुळवलं जातं आणि ड्रममध्ये भरून बाहेर पडतं. माझं काम नाकाचं आहे. कागदाची अरुंद पट्टी द्रवात बुडवायची, दोनदा हवेत हलवायची, नाकाखाली धरायची आणि आजचा माल कालच्यासारखाच आहे का ते सांगायचं. दुपारपर्यंत नाक थकतं. मग आम्ही कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून स्वतःच्याच कातडीचा वास घेतो. त्याने नाक पुन्हा ताळ्यावर येतं. रिक्षात, रांगेत, कुठेही मी हे नकळत करते आणि लोक बघतात.

आमचं घर कल्याण पूर्वेला, चाळीतल्या दोन खोल्यांचं. बाबा फिटर होते, सातवी शिकलेले. घरात पुस्तकांचं कपाट आधी आलं आणि कपड्यांचं नंतर. मी एम.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले नाहीत, विहारात वह्या वाटल्या. तेव्हापासून घरात एक रीतच पडली. औषधाची बाटली, खताची पिशवी, झुरळांची पावडर, बिस्किटाचा नवा पुडा, काहीही आलं की बाबा म्हणायचे, "ताईला दाखवा." मी मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायची, हो किंवा नाही म्हणायचं, आणि विषय संपायचा. आई असतानाही असंच होतं. शेजारचे लोकसुद्धा पुडे घेऊन यायचे. ज्यांच्या घरात कुणी वाचणारं नव्हतं, त्यांना वाचणारं माणूस मिळालं की त्याच्या शब्दाला असं वजन येतं. मला ते वजन आवडत होतं, हे मी आधी लिहून ठेवते.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. बाळकुम, माजिवडा, कोलशेत या भागात जे टॉवर उभे राहिले त्यातल्या बऱ्याच लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या. हसरा, बडबड्या, कुणाशीही दोन मिनिटांत गट्टी जमवणारा. कामावर असतानाच सिगरेट लागली. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी बाबांचा आवाज थोडा चढायचा. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं ते शील, आणि त्यात बिडी, तंबाखू, मिस्री सगळं आलं असं बाबांचं म्हणणं. मुलाच्या खिशात पाकीट सापडलं तेव्हा ते रागावले नाहीत. बोलायचेच थांबले. भाऊ लग्नानंतर बाळकुमला राहायला गेला तरी दीड वर्ष बाबा त्याच्या घरी गेले नाहीत. तो कल्याणला आला की बाबा पेपर वाचत बसायचे. शेवटी त्याने सिगरेट सोडली. खरोखर सोडली. भावजयीने फोन करून मला सांगितलं आणि मी बाबांना. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, येत्या रविवारी जाऊ.

त्या रविवारी आम्ही एसटीने ठाण्याला खोपटच्या स्टँडवर उतरलो आणि तिथून रिक्षाने बाळकुमला गेलो. सतराव्या मजल्यावरचं घर बाबांनी पहिल्यांदा पाहिलं. मटणाचं जेवण होतं. जेवणाआधी बाबा बाल्कनीत गेले आणि तिथेच थांबले. मनी प्लांटच्या कुंडीशेजारी काचेचा हुक्का उभा होता, कंबरेएवढा, निळ्या नळीचा.

हे काय, असं बाबांनी विचारलं. भाऊ गडबडला. मग हसून म्हणाला, "बाबा, ही सिगरेट नाही हो. नुसता फ्लेवर असतो. फळांचा, पानाचा. पाण्यातून गाळून येतो सगळा."

"आत काय घालतात?"

"फ्लेवरच. थांबा, डबा दाखवतो."

डबा परदेशातून कुणीतरी आणून दिलेला होता. त्यावर इशाऱ्याचं चित्र नव्हतं. बाबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "ताईला दाखव."

मी झाकण उघडलं. आत काळसर, चिकट, ओला चुरा होता, गुळाच्या पाकात भिजवल्यासारखा. वास आला आणि मी सगळं विसरले. तो माझा पान होता.

याचा अर्थ सांगायला हवा. त्याच्या तीन वर्षं आधी कारखान्यात एक मागणी आली होती: मसाला पानाची चव हवी, परदेशी गिऱ्हाईक आहे. कशासाठी ते लिहिलेलं नव्हतं. आम्ही मुखवास आणि आईस्क्रीम धरून चाललो. गुलकंद, बडीशेप, वेलदोडा, लवंग हे सोपं असतं. विड्याच्या पानाचा हिरवेपणा कठीण, तो टिकत नाही, आणि टिकवायला गेलं तर औषधासारखा वास येतो. मला आठ महिने लागले. शेवटी मी त्यात केवड्याचा अगदी थोडा अंश घातला, कुणाला ओळखू न येण्याइतका. त्या हिरवेपणामागचा तो केवडा माझ्याशिवाय कुणी घातला नसता. बाळकुमच्या त्या बाल्कनीत, डब्यातून, तोच केवडा वर आला. माझी वस्तू समुद्रापलीकडे जाऊन माझ्या भावाच्या घरी परत आली होती. मला इतका आनंद झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा आमचाच आहे," मी म्हणाले. "मी बनवलेला आहे."

मग मी डबा फिरवून मागचा मजकूर वाचला. तिथे इंग्रजीत चार गोष्टी लिहिल्या होत्या. मी मराठीत वाचून दाखवलं: "उसाची काकवी, ग्लिसरीन, खाण्यास योग्य सुगंधी द्रव्यं." पहिला शब्द तंबाखू हा होता. तो मी वाचला नाही.

मी तो का गाळला याचा विचार मी नंतर इतक्या वेळा केला आहे की आता खरं कारण कुठलं हे मलाही सांगता येत नाही. दीड वर्षाने बापलेक एकमेकांशी बोलत होते. आत पानं वाढली होती. भावजय दारात पदर हातात धरून उभी होती. आणि मला खरंच वाटत होतं की तंबाखू त्यात नावाला असेल, बाकी सगळं गोड, बाकी सगळं आमच्याच शेल्फवरचं. ग्लिसरीन आम्ही सरबतात घालतो. काकवी लहानपणी भाकरीबरोबर खाल्ली. सुगंधी द्रव्यांवर माझी सही असते. जे खायला चालतं ते ओढायला का चालू नये?

बाबांनी विचारलं, "म्हणजे चालेल?"

मी म्हणाले, "काही अपाय नाही."

भाऊ माझ्याकडे बघून किंचित हसला. आम्ही जेवायला बसलो. बाबांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

नंतर रविवारी आम्ही बरेचदा बाळकुमला जायचो. जेवण झालं की भाऊ बाल्कनीत बसून चिलमीत तो चुरा भरायचा, वर फॉइल ताणून टाचणीने भोकं पाडायचा, गॅसवर लाल केलेला कोळसा चिमट्याने वर ठेवायचा. पाणी गुडगुडायचं. पांढरा, दाट धूर यायचा आणि घरात पानाच्या ठेल्यासारखा वास पसरायचा. भावजयीला तो आवडायचा. सिगरेटचा वास पडद्यांत बसायचा, हा मात्र पाहुण्यांनासुद्धा चालायचा. ती दारं उघडीच ठेवायची. मित्र आले की भाऊ सांगायचा, "आमच्या ताईचा फ्लेवर आहे. सर्टिफाइड माल." ते मला नमस्कार करायचे. एकाने विचारलं की मॅडम, आंबा कधी काढताय. मी हसायचे.

सिगरेट तो पाच मिनिटांत संपवायचा. हे तासभर चालायचं. धूर गार आणि गोड असल्यामुळे घशाला टोचत नव्हता, म्हणून तो खोलवर ओढायचा आणि छातीत धरून ठेवायचा. सिगरेटच्या काळात त्याला सकाळी खोकला यायचा आणि त्या खोकल्याला तो घाबरायचा. आता खोकला नव्हता. घाबरायला काही उरलं नव्हतं. मी समोर बसून हे सगळं पाहत होते, आणि मला ते कळायला हवं होतं, कारण कडू औषध मुलाने मुकाट गिळावं म्हणूनच तर आम्ही त्यात स्ट्रॉबेरी घालतो. माझा पगार त्याचाच होता.

हुक्का पार्लरांवर बंदी आली तेव्हा मित्र घरी जास्त येऊ लागले. मग लॉकडाऊन आला आणि मित्र येईनासे झाले, पण हुक्का बाल्कनीतून आतल्या खोलीत आला, त्याच्या कामाच्या टेबलाशेजारी. आधी रविवारी होता तो रोज झाला, रोज एकदा होता तो दोनदा. भावजयीने मला फोनवर सांगितलं की यांचं जरा वाढलंय. मी तिला सांगितलं, सगळेच घरात अडकलेत, सुटलं की कमी होईल.

लॉकडाऊन उठला. एका इमारतीत लिफ्ट बंद होती आणि तपासायला त्याला जिन्याने वर जायचं होतं. चौथ्या मजल्यावर तो पायरीवर बसला. बरोबरचा माणूस पाणी घेऊन आला. भाऊ त्याला म्हणाला की लिफ्टवाल्याला जिन्याची सवय कुठून असणार. हा विनोद त्याने नंतर सगळ्यांना सांगितला, मलाही. सांगताना मध्येच तो श्वास घ्यायला थांबला.

ठाण्यातल्या छातीच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. त्यांनी त्याला एका नळीत फुंकायला लावलं. तीनदा. तिसऱ्या वेळी तो खुर्चीला धरून उभा होता. डॉक्टर शांत होते, माझ्याच वयाचे. त्यांनी विचारलं, किती ओढता. भाऊ म्हणाला की सिगरेट सोडून सहा वर्षं झाली. त्यांनी विचारलं, दुसरं काही? भाऊ माझ्याकडे बघू लागला. मी म्हणाले, "हुक्का."

त्यांनी लिहून घेतलं. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी म्हणाले की मी त्याच क्षेत्रात आहे आणि त्यातले सुगंध खाण्यास योग्य प्रतीचे असतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, खाल्लेलं पोटात जातं. पोटाला आम्ल आहे, यकृत आहे, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते तिथे ठरतं. फुप्फुसाला असलं काही नाही. आणि तुम्ही ते कोळशावर तापवून देता." रागाने बोलले नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. मिसळणीच्या खोलीत, धूर खेचून घेणाऱ्या कपाटाजवळ लोण्याच्या वासाचा ड्रम ठेवलेला असतो. तो उघडताना मास्क लावायचा, ड्रम कपाटाच्या आत सरकवायचा आणि पंखा चालू केल्याशिवाय झाकण काढायचं नाही, असा आमचा नियम आहे. तो पदार्थ बिस्किटात घालून लोक रोज खातात. पण त्याची वाफ छातीत गेली तर फुप्फुसाच्या बारीक नळ्या कायमच्या आखडतात. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते. वीस वर्षं शिकवते आहे. "खायला चालतं म्हणून हुंगायचं नाही," हे माझंच वाक्य आहे. त्या ड्रमसमोर मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. कुणीतरी विचारलं, मॅडम, काही हवंय का.

त्यानंतरचे काही आठवडे मी वाचत होते. आमच्या विषयात ते सगळं सापडतं, शोधलं की. साखर जळली की तिच्यातून तिखट, डोळ्यांना झोंबणारे वायू निघतात. हे मला बी.एस्सी.ला होतं. ग्लिसरीन तापवलं की काय होतं तेही होतं. पाणी धूर गार करतं, पण विषारी असं बरंचसं त्यातून तसंच वर येतं. कोळशाचा वायू वेगळाच, तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. आणि या सगळ्यावर गोडाचं पांघरूण असल्यामुळे ओढणाऱ्याला थांबावंसं वाटत नाही. मी वहीत मुद्दे काढले. परीक्षेसारखे, शाईच्या पेनने.

वही घेऊन मी बाळकुमला गेले. भावजय कामावर होती. मी त्याला सगळं सांगितलं, वहीतून वाचून. काही अपाय नाही म्हणाले ते चूक होतं, असंही सांगितलं. वगळलेल्या शब्दाबद्दल मात्र बोलले नाही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, आता हे सांगतेस? आता मला सुटत नाही."

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. भावजयीने काचेचं भांडं माळ्यावर टाकलं. तो चघळायला बडीशेप घेऊन बसायचा, साखर लावलेली, रंगीत. मग खरोखरचं गोड पान खाऊन बघितलं. उपयोग झाला नाही. त्याला पान नको होतं, पानाच्या आत लपवलेलं जे होतं ते हवं होतं. पण दोन्ही त्याच्या मेंदूत एक झालं होतं. ठेला टाळायला तो लांबून वळसा घालून जायचा. कुणाच्या लग्नात जेवणानंतर विडे आले, तर तो उठून बाहेर गेला. सिगरेट सोडताना, तो म्हणायचा, मी स्वतःला तिच्या घाण वासाची आठवण करून द्यायचो. याची कसली आठवण करून देऊ? तीन महिन्यांनी भावजयीला न्हाणीघरात कोळशाची राख सापडली. तो माळ्यावर चढला होता. ज्याला दोन जिने चढवत नव्हते तो शिडी लावून माळ्यावर चढला होता.

ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात ते." मी तिला काय सांगणार होते? तो माझंच तर ऐकत आला होता.

शेवटचं वर्ष घरात ऑक्सिजनचं यंत्र होतं. ते दिवसभर घरघरायचं. त्याची नळी हॉलमधून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची, बाल्कनीपर्यंत नाही. तिथे एक वीतभर कमी पडायची. लांब नळी आणता आली असती, पण त्याने नको म्हटलं. यंत्र आल्यावर हुक्का थांबला, कारण ऑक्सिजनशेजारी कोळसा पेटवला तर घर जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा थांबला. मी रोज कामावरून सुटले की तिथे जायचे, तासभर बसायचे, आणि मग कल्याणला बाबांकडे. डॉक्टरांनी एकच एक कारण कधीच सांगितलं नाही. सिगरेटची वर्षं होती, हुक्क्याची वर्षं होती, मधे करोनाही होऊन गेला होता. त्यातलं माझं किती, याचा हिशेब कुणी देऊ शकत नाही.

एके दिवशी तो म्हणाला, "ताई, एक काम कर ना. लॅबमधून ती तुझी पट्टी आण. पानाची. ओढणार नाही, नुसता वास."

मी नाही म्हणाले. त्याने पुन्हा मागितली नाही. पण चार दिवसांनी मी पट्टी बुडवली, काचेच्या छोट्या नळीत घातली, बूच लावलं आणि पर्समध्ये ठेवली. बाळकुमला पोचेपर्यंत पर्सभर तो वास झाला होता. मी त्याच्यासमोर बसले, पण पर्समधून नळी काढली नाही. त्याऐवजी मी त्याला तो रविवार सांगितला. डब्यावर तंबाखू लिहिलं होतं आणि बाबांसमोर मी ते वाचलं नाही, हे सांगितलं.

तो हसायला लागला. हसता हसता धाप लागली. मी पाणी दिलं.

"अगं, पहिलाच शब्द होता तो," तो म्हणाला. "मला काय वाचता येत नाही? तू गाळलास तेव्हाच कळलं मला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस.

"काय बोलणार? मला वाटलं, चला, ताई आपल्या बाजूने आहे." पुढे म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस तरी मी ओढलाच असता. फक्त लपून." मग नाकातली नळी नीट करत म्हणाला, "बाबांना सांगू नकोस हां. त्यांचा माझ्यावरचा भरवसा एकदा उडालाय. तुझ्यावर तरी राहू दे."

तो हे माझी समजूत घालायला म्हणाला की खरं म्हणून, हे मला कळलं नाही. त्याचा स्वभाव दुसऱ्याचं ओझं हलकं करायचा होता. आणि असं हलकं केलेलं ओझं जागचं हलतच नाही, हे त्याला माहीत नव्हतं. काचेची नळी मी तशीच परत नेली. जाताना त्याने विचारलं, "आणली होतीस ना? वास येतोय." मी हो म्हणाले. तो म्हणाला, "केवडा जास्त झालाय." झाला नव्हता. तो मला चिडवत होता. पंधरा दिवसांनी तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बाबांनी पंचशील म्हटलं. पाचव्या शीलापाशी त्यांचा आवाज चढला नाही. लोक बोलायला उठले, भाऊ किती चांगला होता ते बोलले. बाबाही दोन वाक्यं बोलले. म्हणाले की माझ्या मुलाने व्यसन स्वतःच्या हिमतीने सोडलं होतं, तरी आजार आला. मी पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसले होते. मला उठता आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी भावजयीला सांगितलं. तिला राग यावा अशी माझी इच्छा होती. तिने उठून बाल्कनीचं दार लावलं. मग म्हणाली की दारं मीच उघडी ठेवायचे, ताई, वास घरात यावा म्हणून. तिला आता पहाटे खोकला येतो. मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेऊन आणलं आहे. ते म्हणाले, बघू.

कारखान्यात मी मालकांना भेटले. पानाचा फ्लेवर कुठे जातो ते मला माहीत आहे, असं मी म्हणाले, आणि ड्रमवर लिहायला हवं की हे तापवून श्वासात घेण्यासाठी नाही. त्यांचं म्हणणं, आपण खाण्यासाठी विकतो, पुढे ते काय करतात तो त्यांचा प्रश्न. मी महिनाभर रोज विचारलं. शेवटी ते लिहायला तयार झाले, कारण लिहिल्याने काही अडत नव्हतं. ड्रमवर आता ती ओळ असते. मागणी कमी झालेली नाही. प्रत्येक खेपेला पट्टी माझ्याच नाकाखाली येते, कारण तो केवडा दुसऱ्या कुणाला ओळखता येत नाही. मी वास घेते, बरोबर आहे म्हणते आणि सही करते. मला निवृत्त व्हायला दोन वर्षं आहेत. सोडून द्यायचा विचार केला, पण मग बाबांना कारण सांगावं लागलं असतं.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. संध्याकाळी मी आले की ते चहा ठेवतात. आम्ही भावाबद्दल बोलतो, त्याच्या लहानपणाबद्दल, लिफ्टबद्दल. परवा ते म्हणाले की सिगरेट सोडली नसती तर कदाचित वाचला असता, एकदम सोडली म्हणून शरीराला झटका बसला. मी त्यांना सांगितलं की तसं नसतं. ते म्हणाले, मग कसं? मी कप उचलून आत गेले.

भावाला सांगून झालं. भावजयीला सांगून झालं. बाबांना सांगायचं राहिलं आहे.